तण्हा आणि धम्मछंद: दोन्ही इच्छाच, मग फरक कुठे?

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात ग्रंथवाचन सुरू असलं की कोल्हापुरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. मागं बसलेलं कोणीतरी विचारतं, "पैसा नको, नाव नको, पण निर्वाण पायजे. मग ही हाव न्हाई व्हय?"

चेष्टेत विचारला असला तरी प्रश्न पक्का आहे, आणि जुनाही. कोसंबी नगरातल्या घोषिताराम विहारात उण्णाभ नावाच्या ब्राह्मणाने बुद्धांचे शिष्य भंते आनंद यांना असंच पकडलं होतं. इच्छा सोडायला तुम्ही इच्छाच कामाला लावता, तर याला अंत कुठला? आनंदांनी त्यालाच विचारलं, या विहारात यावं अशी इच्छा तुला आधी झाली होती ना? मग इथं पोचल्यावर तिचं काय झालं? शमली, हे त्याला कबूल करावं लागलं. संयुत्त निकाय या पाली ग्रंथातला हा छोटा संवाद मला लांबलचक व्याख्यांपेक्षा उपयोगी वाटतो. धम्मछंद, म्हणजे कुशल कर्माची आणि मुक्तीची ओढ, मुक्कामाला पोचली की संपते. तण्हेला, म्हणजे हावेला, मुक्कामच नसतो. वॉर्डात नाव झालं की तालुक्यात व्हावंसं वाटतं, तालुक्यात झालं की जिल्ह्यात.

तण्हा दुसऱ्या आर्यसत्यात येते, दुःखाचं कारण म्हणून. कामतण्हा (इंद्रियसुखाची), भवतण्हा (काहीतरी होण्याची), विभवतण्हा (नसण्याची) हे तिचे तीन प्रकार. प्रसिद्धीची हाव मी भवतण्हेत धरतो, कारण तिथं कोणीतरी 'होण्याची' धडपड असते. छंद मात्र चार इद्धिपादांतला, म्हणजे साधनेत यश देणाऱ्या चार आधारांतला, पहिला. तो नसेल तर वीर्य, म्हणजे प्रयत्नाचा जोर, येणार कुठून? तालमीत पहाटे जोर मारायला उठणाऱ्या पोराला आधी कुस्तीची ओढ लागते, वस्तादाचा धाक मागाहून. अर्थात छंद म्हटलं की सगळं चांगलंच, असंही नाही. कामच्छंद, म्हणजे इंद्रियसुखाची ओढ, पाच नीवरणांत, म्हणजे मनाच्या अडथळ्यांत, पहिला मोजलाय.

पैशाचा गोंधळ लवकर सुटतो. कोलिय कुळातल्या दीघजाणू या गृहस्थाने बुद्धांना सांगितलं, आम्ही पोराबाळांत राहणारी संसारी माणसं, आम्हाला लागू पडेल असं सांगा. बुद्धांनी त्याला दारिद्र्य सांगितलं नाही. मेहनतीने कमव, कमावलेलं राख, चांगल्यांची संगत धर, आवक बघून खर्च कर. आणि त्यापुढे श्रद्धा, शील, त्याग, प्रज्ञा. उसाचं बिल खात्यात जमा झालं म्हणून कोणी तण्हेत बुडत नाही.

नावाचं प्रकरण अवघड, कारण ते चांगल्या कामाच्या आडून येतं. देवदत्त बुद्धांच्या भिक्खुसंघातलाच, ऋद्धी, म्हणजे अद्भुत शक्ती, मिळवलेला. मगधाचा राजपुत्र अजातशत्रू त्याच्यासाठी रोज पाचशे पातेली अन्न पाठवू लागला, आणि मग त्याला संघाचं नेतृत्वच हवं झालं. तो संघ सोडून गेल्यावर थोड्याच दिवसांत राजगृहाच्या गृध्रकूट डोंगरावर बुद्धांनी झाडाच्या गाभ्याचा उपदेश केला. घर सोडलेल्या माणसाला लाभ, सत्कार, कीर्ती मिळते. तो त्यातच खूश होऊन स्वतःला थोर आणि इतरांना हलकं मानू लागतो. गाभा शोधायला निघालेला माणूस फांद्या-पानं घेऊन परतला, असं हे झालं. इथवर कोणीही डोलतो. पण उपदेश पुढे शीलालाही हेच लावतो, समाधीलाही, ज्ञानालाही. तिथं थांबलात तरी हाती साल नाहीतर गाभ्याबाहेरचं लाकूडच. गाभा एकच, चित्ताची अढळ विमुक्ती. 'मी पंचशील पाळतो, ते पाळत नाहीत' हे वाक्य म्हणूनच मला डिजिटल फलकावरच्या फोटोपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

फलकांची सरसकट टिंगल करावी, असंही मला वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूर शहरात जुना स्तूप सापडला. आत दगडी पेटी, तिच्यात स्फटिकाचा धातुकरंडक, म्हणजे अस्थी ठेवायची डबी. पेटीच्या झाकणावर ब्राह्मी अक्षरांत कोरलंय: हे बम्हाचं दान, धम्मगुत्ताने करवलेलं. म्हणजे नाव दोघांचंही आहे. पण ते स्तूपाच्या पोटात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी. बम्हाच्या मनात काय होतं ते अक्षरांवरून कळत नाही, तरी नाव कोरणं आणि नावासाठी देणं या दोन गोष्टी आहेत, एवढं त्या झाकणावरून पटतं. आपल्यापुरती पारख सोपी आहे. जयंतीच्या फलकावरून नाव गळालं तर पुढच्या वर्षी वर्गणीचा आकडा बदलतो का, ते बघावं. लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख हे आठ लोकधम्म, म्हणजे जगण्यातले चढउतार, कोणालाच चुकत नाहीत, बुद्धांनाही चुकले नाहीत.

राहिला एक प्रश्न. मुक्कामाला पोचून ओढ संपली की माणूस स्वस्थ बसतो का? बुद्धांनी पंचेचाळीस वर्षं चारिका केली, म्हणजे गावोगाव फिरून उपदेश केला. पहिल्या साठ अर्हतांना, म्हणजे मुक्त झालेल्या शिष्यांना, त्यांनी बहुजनांच्या हितासुखासाठी फिरायला धाडलं, आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नका म्हणून बजावलं. कुशिनाऱ्याला त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या रात्री सुभद्द नावाचा परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, शंका घेऊन आला. आनंदांनी त्याला तीनदा अडवलं. बुद्धांनी त्याला आत बोलावून घेतलं आणि आर्य अष्टांगिक मार्ग समजावून सांगितला.