लिस्बनमधील खाद्यभ्रमंती

पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे स्थानिक वाटाड्याबरोबर पायी फिरत, वाटेतल्या पाच ते सात दुकानांत थांबून तिथले खाणेपिणे थोडे थोडे चाखण्याचा कार्यक्रम. ‘फूड वॉक’ किंवा ‘फूड टूर’ ही त्याची चालू नावे. साधारण तीन ते चार तासांचा वेळ, दोन-तीन किलोमीटर चाल आणि आठ-दहा जणांचा गट असे त्याचे नेहमीचे स्वरूप असते. माणशी सुमारे 60 ते 100 युरो आकारतात व त्यात खाणेपिणे धरलेले असते. ‘फ्री वॉकिंग टूर’ हा प्रकार वेगळा. तिथे शहराचा इतिहास ऐकायला मिळतो, पण खाण्याचे पैसे आपले आपण द्यायचे आणि शेवटी वाटाड्याला बक्षिसी द्यायची.

ही भ्रमंती मुक्कामाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी करावी. लिस्बनचे रोजचे खाणे ‘ताश्का’त मिळते. ताश्का म्हणजे मोजक्या टेबलांची, बहुतेक वेळा एखाद्या कुटुंबाने चालवलेली खाणावळ. फळ्यावर पोर्तुगीजमध्ये लिहिलेले पदार्थ, काउंटरशी उभ्याने खाणारी माणसे, न मागता टेबलावर आलेला पाव, यांमुळे नवखा माणूस दारातूनच परततो. जाणत्याच्या सोबतीने चार ठिकाणी जाऊन आले की भीड चेपते आणि उरलेले दिवस आपले आपल्याला नीट खाता येते. शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलेली भ्रमंती या दृष्टीने वाया जाते.

मार्ग बहुधा रॉसिऊ चौकातून सुरू होतो. त्याच्या दक्षिणेचा बायशा हा भाग 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपानंतर राजाचा मंत्री मार्क्विस द पोंबाल याच्या देखरेखीखाली नव्याने वसवला गेला. म्हणून तिथले रस्ते सरळ आणि सपाट आहेत. मोरारिया आणि अल्फामा या जुन्या वस्त्यांत मात्र चढ, पायऱ्या आणि बोळ लागतात. पदपथ चुनखडीच्या लहान घडीव दगडांचे असतात. पावलांनी घासून ते गुळगुळीत झालेले असतात आणि पावसात साबण लावल्यासारखे निसरडे होतात. रबरी तळव्याचे बूट हवेतच. गुडघे दुखत असतील तर फक्त बायशा भागातला मार्ग कुठला, ते नोंदणीआधी विचारून घ्यावे.

चाखण्याचा क्रम

चांगला वाटाडा क्रम हलक्याकडून जडाकडे आणि खारटाकडून गोडाकडे लावतो. सुरुवातीला चीज, ऑलिव्ह आणि ‘विन्यू व्हेर्द’. या नावाचा शब्दशः अर्थ ‘हिरवी वाइन’. रंग हिरवा नसतो. ती कोवळेपणी, फार न मुरवता प्यायली जाते. देशाच्या वायव्येकडील मिन्यू भागातली ही वाइन किंचित आंबट, जिभेवर हलकी चुरचुरणारी आणि मद्यांश कमी असलेली असते, म्हणून सुरुवातीला शोभते. पोर्ट वाइनचे याच्या उलट. तिचे आंबवणे अर्ध्यातच द्राक्षांची स्पिरिट घालून थांबवतात. त्यामुळे साखर तशीच राहते आणि मद्यांश 19 ते 22 टक्क्यांपर्यंत जातो. ती आधी प्यायली तर जीभ गोडाने लेपली जाते आणि पुढच्या माशाची चव लागत नाही.

चीजमध्ये सेरा द एश्त्रेला या डोंगराळ भागातले मेंढीच्या दुधाचे चीज मुद्दाम चाखावे. दूध विरजायला वासराच्या जठरातले रेनेट न वापरता जंगली आर्टिचोकच्या जातीतल्या एका काटेरी रोपाची सुकवलेली फुले वापरतात. चीज मुरले की आतून लोण्यासारखे सैल होते. वरची चकती टोपणासारखी कापून चमच्याने काढून पावावर लावतात. चव किंचित कडवट असते. ती त्या फुलांची. चीज बिघडलेले नसते.

त्यानंतर ‘बकल्याव’, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा. तो पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळत नाही. आज मुख्यतः नॉर्वेकडून येतो. तरीही घराघरात तोच शिजतो. शिजवण्याआधी एक ते दोन दिवस थंड पाण्यात ठेवून पाणी अनेकदा बदलावे लागते. भिजवण्यात घाई झाली की पदार्थ खारट होतो, अति झाली की पचपचीत. भ्रमंतीत बहुधा बकल्याव-बटाट्याची तळलेली लांबट वडी मिळते. मासा, उकडलेला बटाटा, कांदा, पार्सली आणि अंडे एकत्र करून दोन चमच्यांनी तिला तीन धारांचा आकार देतात. वडी मोडून पाहावी: आत माशाचे तंतू दिसले तर दुकान प्रामाणिक आहे, नुसता बटाट्याचा लगदा दिसला तर नाही. आत चीज भरलेली वडी अलीकडे पर्यटकांसाठी निघाली आहे.

‘बिफाना’ हा पावात घातलेल्या डुकराच्या पातळ कापांचा प्रकार. लसूण, तमालपत्र आणि पांढऱ्या वाइनच्या रश्श्यात काप रटरटत ठेवतात. गिऱ्हाईक आले की दोन काप उचलून पावात भरतात, रश्श्याने पाव ओलसर होतो, वर मोहरी किंवा पिरी-पिरी हा मिरचीचा तिखट सॉस. लगेच खावा, पाच मिनिटांत पाव विरघळू लागतो. याच लसूण-वाइनच्या मुरवणीचा एक भाऊबंद गोव्यात पोचला, तिथे वाइनच्या जागी व्हिनेगर आले आणि मिरच्या-मसाले मिळून विंदालू झाले. गोव्याच्या चौरिसची चव डोक्यात ठेवून इथला शोरिसू, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, खाल्ला तर तो फिका वाटेल. त्यात भर असतो पाप्रिकेचा (सौम्य लाल मिरचीची पूड), लसणाचा आणि धुराचा; तिखटाचा नाही.

ताजी सार्डिन हंगामातच खावी. जून ते साधारण सप्टेंबर ती चरबीने भरलेली असते. 12 जूनच्या रात्री संत आंतोनियूच्या सणात अल्फामाच्या बोळाबोळांत निखाऱ्यांवर जाडे मीठ लावून ती भाजतात. मासा पावाच्या जाड तुकड्यावर ठेवून हाताने खायचा आणि गळलेले तेल शोषलेला पाव शेवटी. हिवाळ्यात जाणाऱ्यांना डब्यातली सार्डिन मिळेल. त्यात कमीपणा काही नाही. ऑलिव्ह तेलातला डबाबंद मासा हा पोर्तुगालचा जुना आणि मानाचा उद्योग आहे.

शेवटी गोड. ‘पश्तेल द नाता’ या कुरकुरीत पिठाच्या वाटीतल्या सारणात दूध, साखरेचा पाक, थोडे पीठ, लिंबाची साल, दालचिनी आणि पुष्कळ पिवळे बलक असतात. मठांत पांढरा बलक कपड्यांना खळ करायला जात असे आणि उरलेल्या पिवळ्या बलकांतून अशी मिष्टान्ने निघाली, असे परंपरा सांगते. पदर सुटणाऱ्या पिठाची गुंडाळी करून तिचे तुकडे साच्यात उभे ठेवतात आणि ओल्या अंगठ्यांनी मधून कडेकडे दाबत नेतात. भट्टी अडीचशे अंशांच्या वर तापलेली लागते. कमी तापली तर पीठ कुरकुरीत होण्याआधीच आतले सारण घट्ट होऊन फाटते. वाटी उलटी करून तळाशी गुंडाळीची वर्तुळे दिसली तर हाताने केलेली समजावी. वरचे काळे डाग म्हणजे करपणे नव्हे, ते हवेतच. वर दालचिनीची पूड भुरभुरून कोमट असताना खावी. फ्रिजमध्ये ठेवली की कवच मऊ पडते. ‘पश्तेल द बलें’ हे नाव मात्र 1837 साली बलें येथे सुरू झालेल्या एकाच दुकानाचे. ते मध्यवस्तीपासून सुमारे सहा किलोमीटरवर असल्याने पायी मार्गात बसत नाही; 15 क्रमांकाच्या ट्रामने वेगळे जावे.

समारोपाला रॉसिऊजवळच्या सां दुमिंगुश चौकात ‘जिंजिन्या’ पितात. आंबट चेरी स्पिरिटमध्ये साखरेसह मुरवून हे मद्य होते. पेला घोटभराचा, पिणे रस्त्यावर उभ्याने. विक्रेता विचारतो, ‘कोम एलाश’ की ‘सें एलाश’, म्हणजे चेरीसह की चेरीविना. चेरीसह घ्यावी, पण बी असते हे ध्यानात ठेवावे. पोर्तुगालमध्ये मद्यासाठी वयाची अट 18 वर्षे आहे.

शाकाहारी मंडळींसाठी

नोंदणी करतानाच काय चालत नाही ते एकेक शब्दात लिहावे: मांस, मासे, अंडी, डुकराची चरबी. नुसते ‘शाकाहारी’ म्हटले तर मासा चालतो असा समज होऊ शकतो. ‘काल्दू व्हेर्द’ हे पालेभाजी-बटाट्याचे सूप दिसायला निर्दोष असते, पण त्यात शोरिसूची चकती असते. त्यातली पालेभाजी ‘कोव्ह’. आपला ‘कोबी’ हा शब्द तिथूनच आला, जसे पाव आणि बटाटा. अंडे चालत असेल तर ‘पेशिन्युश द ओर्ता’ मागावेत. नावाचा अर्थ ‘बागेतले छोटे मासे’. प्रत्यक्षात फरसबीच्या शेंगा पिठात बुडवून तळलेल्या, म्हणजे थेट आपली भजी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हा प्रकार जपानला नेला आणि तिथल्या टेंपुराचे मूळ त्यात मानतात. अंडे न खाणाऱ्यांना गोडात फारसे काही उरत नाही, हे आधीच समजून घ्यावे. तळणाचे तेल वेगळे असल्याची खात्री कुठलाच वाटाडा देऊ शकत नाही.

कॅफेच्या काचेच्या कपाटात ‘शामुसा’ दिसेल. तो समोसाच. 1961 नंतर गोव्यातून आणि पुढे मोझांबिकमधून आलेल्या कुटुंबांबरोबर तो लिस्बनमध्ये रुजला. बहुधा आत खिमा असतो, तेव्हा विचारूनच घ्यावा.

कुठे चुकते

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे हॉटेलात भरपेट न्याहारी करून येणे. पाच-सहा थांब्यांचे मिळून पूर्ण जेवण होते. तिसऱ्या थांब्यालाच पोट भरले की शेवटचे दोन उत्तम पदार्थ राहून जातात. रविवारी पुष्कळ ताश्का बंद असतात आणि सोमवारी बाजारात ताजा मासा नसतो, म्हणून मंगळवार ते शनिवार निवडावा. टेबलावर आपोआप येणाऱ्या पाव-ऑलिव्ह-चीजला ‘कुव्हेर’ म्हणतात. भ्रमंतीत ते शुल्कात धरलेले असते, पण एरवी हात लावला की पैसे पडतात. नको असेल तर नम्रपणे परत पाठवावे, कोणी वाईट मानत नाही. रॉसिऊ आणि 28 क्रमांकाच्या ट्राममध्ये खिसेकापू असतात, पेला हातात घेऊन उभे असताना पिशवी पुढे घ्यावी. बक्षिसी सक्तीची नाही. वाटाडा आवडला तर माणशी पाच-दहा युरो देतात.

डबाबंद मासे आणि बाटल्या विमानात चेक-इन सामानाच्या बॅगेतच टाकाव्यात. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. चीज, मासे आणि मांसाचे पदार्थ सीमाशुल्काच्या फॉर्मवर जाहीर करावे लागतात.