पाच विरुद्ध चार

12 डिसेंबर 1985, अजून उजाडायचं होतं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या गँडर विमानतळावरून ॲरो एअरचं डीसी-8 विमान उडालं. कैरोहून निघालेलं हे विमान कोलोनमार्गे आलं होतं, इथे इंधन घेऊन अमेरिकेतल्या फोर्ट कॅम्पबेलला जायचं होतं. आत सिनाईतली शांतिसेनेची ड्यूटी संपवून नाताळला घरी निघालेले 248 अमेरिकी सैनिक आणि 8 कर्मचारी होते. धावपट्टी संपून जेमतेम 900 मीटर गेल्यावर विमान झाडीत कोसळलं. वाचलं कोणीच नाही.

1988 साली कॅनडाच्या विमान सुरक्षा मंडळाचा अहवाल आला, तोही एक नाही, दोन. पाच सदस्य म्हणाले, पंखांवर बर्फ होतं. उरलेल्या चौघांनी वेगळं लिहिलं: आग हवेतच लागली, तीही कदाचित स्फोटाने.

बर्फ म्हटलं की आपल्याला त्याचा भार आठवतो. इथे भाराचा प्रश्न नाही, खरखरीतपणाचा आहे. सुतारकामाच्या पॉलिश पेपरवरून बोट फिरवून बघा. पंखाच्या पुढच्या कडेवर आणि वरच्या बाजूला एवढा खरखरीत थर बसला तरी पंखाची उचल 30 टक्क्यांपर्यंत घटू शकते. हवा पंखाला धरून वाहते तोवर उचल मिळते. खरखरीत पंखावरून ती लवकर सुटते आणि नाक जरा वर केलं की विमान स्टॉल होतं, म्हणजे उचल एकदम तुटते. त्यात खोच अशी, की स्टॉलचा इशारा देणारी यंत्रणा स्वच्छ पंखाच्या हिशेबाने लावलेली असते. त्यामुळे इशारा वाजण्याआधीच पंखाचा जीव गेलेला असू शकतो.

शिवाय प्रवाशांचं वजन माणशी ठरावीक आकड्याने धरलं होतं. सामानसुमानासह सैनिक त्याहून बरेच जड, म्हणजे विमान कागदावरच्यापेक्षा काही टनांनी जास्त.

त्या पहाटे गोठणारी भुरभुर होती आणि उडण्याआधी पंखांवरचं बर्फ काढायचं काम केलेलं नव्हतं. पण विमानाजवळ काम केलेल्यांनी बर्फ दिसलं नाही असं सांगितलं. हायवेवरच्या ट्रकचालकांनी डोक्यावरून गेलेल्या विमानाच्या पोटाखाली उजेड पाहिला. मृतांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड, म्हणजे आगीच्या धुरातले विषारी वायू सापडले. तो धूर विमान पडण्याआधी छातीत गेला की पडल्यानंतर, यावरच सगळा वाद. इस्लामिक जिहाद या अतिरेकी संघटनेच्या नावाने जबाबदारी घेणारा फोनही आला होता, कॅनडा आणि अमेरिका दोन्ही सरकारांनी तो उडवून लावला.

असले वाद सहसा ब्लॅक बॉक्स मिटवतो. या विमानातला रेकॉर्डर जुन्या धाटणीचा, सुईने धातूच्या पट्टीवर ओरखडणारा. वेग, उंची, दिशा आणि उभा हिसका, एवढंच. कॉकपिटच्या आवाजातून कामाचं काही हाती लागलं नाही. आणि बर्फ असलंच, तर तो आरोपी आगीत वितळून पसार झालेला.

मला विचाराल तर दोन्ही बाजू एकमेकांचं खोडण्यात पटाईत, आपलं सिद्ध करण्यात कच्च्या. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश विलार्ड एस्टी यांनी 1989 मध्ये कागदपत्रं तपासली. बर्फाला पुरावा नाही, म्हणाले. हवेतल्या आगीलाही नाही. नव्याने चौकशी करून काही निघणार नाही, असंही त्यांचं मत पडलं. मंडळ गुंडाळलं गेलं, 1990 मध्ये त्याच्या जागी नवं आलं. गँडरची चौकशी पुन्हा झाली नाही.