जाळ्याखालची बाटली

मालवणकडच्या एका शाळेच्या खोलीत दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची मीटिंग चालली होती. कौलांवर पाऊस वाजत होता. बायकोला कळू नये म्हणून बाटली होडीतल्या जाळ्याखाली कशी लपवायचो, हे सांगताना एका रापणकराचा (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा) आवाज खाली गेला. कोपऱ्यातला म्हातारा पटकन म्हणाला, "मी पण थंयच लपवी होतंय!" खोलीत हशा पिकला. रापणकरही हसला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

या हशात उपचार कुठे आला? अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी गटोपचारातले गुणकारी घटक मांडले. 'हे फक्त माझंच नाही' ही जाणीव त्यातला एक. लाजेने माणूस एकटा पडतो आणि एकटेपणा त्याला पुन्हा गुत्त्यावर नेतो. डॉक्टरांनी दिलेला धीर खराच, पण त्यांनी कधी जाळ्याखाली बाटली ठेवलेली नसते. शिवाय थापा डॉक्टरांसमोर चालून जातात, जुन्या बेवड्यासमोर नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. पावसात बाकीच्याही होड्या शाकारलेल्या, हात रिकामे. व्यसनी मेंदूला ठरलेली वेळ, वास, सोबती एवढं दिसलं तरी तलफ येते. म्हणून गटात प्रश्नही नेमका येतो: "काल चार वाजता खंय होतस?"

२०१८ मध्ये मार्को वेन्निरो आणि सहकाऱ्यांनी मेथॅम्फेटामिन या अमली पदार्थाची चटक लागलेल्या उंदरांपुढे दोन पर्याय ठेवले: नशा किंवा दुसऱ्या उंदराची सोबत. बहुतेकांनी सोबत निवडली. सोबत मिळायला उशीर होऊ लागला, तसे ते नशेकडे वळले. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, पण उशिराची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

माणसांवरचा पुरावाही आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. सलग दारूमुक्त राहण्यात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसशी (दारू सोडणाऱ्यांच्या अशाच मीटिंगा चालवणाऱ्या संघटनेशी) जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर, मग मीटिंग.

रापणकर मीटिंगला शेजारच्या तालुक्यातून येतो. पितो हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. सोडतोय हे कळायला नको! शेवटची एसटी चुकली की म्हातारा त्याला स्कूटरवरून सोडतो. वाटेत एक बार लागतो. तिथे म्हातारा वेग वाढवतो.