बाटली परत द्यावी लागायची तेव्हा

नाशिक जिल्ह्याला साखरेचं वावडं कधीच नव्हतं. मालेगाव तालुक्यातला रावळगावचा कारखाना 1933 सालचा. उन्हाळा लागला की रसवंतीच्या चरकाचे घुंगरू रस्तोरस्ती वाजतात. (त्या रसातही साखर भरपूर असते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.)

कोल्ड्रिंकचं प्रकरण वेगळं. 1977 मध्ये कोका-कोला देशाबाहेर गेली आणि त्याच वर्षी थम्स अप आलं. तेव्हा कोल्ड्रिंक म्हणजे बर्फाच्या पेटीतली काचेची बाटली. दोरीला बांधलेल्या ओपनरने उघडायची, टपरीपुढेच उभं राहून संपवायची आणि रिकामी क्रेटमध्ये परत ठेवायची. घरी न्यायची तर डिपॉझिट. त्यामुळे ती पाहुणे आले, लग्न निघालं, तरच घरात यायची.

कोका-कोला 1993 मध्ये परतली आणि थम्स अपसकट पार्लेचे ब्रँड घेतले. पुढे प्लास्टिकची बाटली रुळली आणि माझ्या मते खरा फरक तिथे पडला. झाकण लावून ठेवता येतं म्हटल्यावर दोन लिटरची बाटली फ्रिजच्या दारात कायमची बसली. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या शिफ्टमध्ये जेवणासोबत, कॉलेज रोडवर वडापावसोबत अर्ध्या लिटरची चालू लागली. 100 मिलीला साधारण 10-11 ग्रॅम साखर धरली, तर अर्ध्या लिटरमध्ये तेरा चमचे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सुचवलेली जास्त हितकर मर्यादा दिवसाला सुमारे सहा चमच्यांची आहे.

पातळ साखरेने पोट भरत नाही, त्यामुळे जेवण कमी होत नाही. त्यातलं फ्रुक्टोज (साखरेचा एक घटक) मुख्यतः यकृतात जातं आणि जास्त झालं की तिथे त्याची चरबी बनते. दारूला न शिवणाऱ्या माणसाच्या सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ येतं, त्यामागच्या कारणांपैकी हे एक. 91 हजारांहून अधिक अमेरिकन परिचारिकांच्या पाहणीत (2004), रोज एक तरी गोड पेय घेणाऱ्यांना टाइप 2 मधुमेहाचा धोका, महिन्याला एकही न घेणाऱ्यांपेक्षा 83 टक्के जास्त दिसला. हे दुखणं उभं राहायला वर्षं लागतात. त्यामुळे नव्वदीत शाळेत असलेल्यांचे रिपोर्ट आत्ता येताहेत.

कराने काही बदलेल का? ब्रिटनने 2018 मध्ये साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला, तेव्हा कंपन्यांनी साखरच कमी केली. आपल्याकडे 2017 पासून 28 टक्के जीएसटी अधिक 12 टक्के सेस होता, सप्टेंबर 2025 पासून सरळ 40 टक्के. बेरीज तीच, आणि साखर कमी घातली तरी दर तोच.