पाय कुठे पडतो, उजेड कुठे पडतो

ऑक्टोबरात आई मिशिगनला आली. डेट्रॉइट विमानतळाच्या पार्किंगमध्ये मी पिकअपचं दार उघडून दिलं आणि ती तिथेच थबकली. एक हात दाराच्या कडीला, दुसरा माझ्या खांद्यावर. "अरे, हात पोचतोय, पण पाय नाही उचलत एवढा," म्हणाली. शेवटी मोठी बॅग आडवी घातली, तिच्यावर पाय देऊन ती आत चढली. घरी पोचेपर्यंत माझं सगळं लक्ष त्या बॅगेकडेच होतं.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मोजलं. गाडीचा उंबरा जमिनीपासून २२ इंच, म्हणजे ५६ सेंटिमीटर. आमच्या घरातल्या जिन्याची पायरी ७ इंचांची. तीन पायऱ्या एका ढांगेत, आणि तेही ७१ वर्षांच्या गुडघ्यांनी.

कृत्रिम सांध्यात भारमापक बसवलेल्या रुग्णांवर अभ्यास झाले आहेत. साधा जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास भार येतो आणि उतरताना त्याहून थोडा जास्तच, असं त्यातून दिसलं. कारण तरफेचं आहे. मांडीचा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून नडगीचं हाड ओढतो, पण सांध्याच्या मध्यापासून त्याची ओढ जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर असते. शरीराचं वजन मात्र वाकलेल्या गुडघ्याच्या बरंच मागे पडतं. लहान हाताने मोठ्या हाताचा भार तोलायचा, म्हणून स्नायूला वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो, आणि तो सगळा जोर सांध्यावर दाबून बसतो. पाय जितका उंच ठेवाल तितका गुडघा जास्त वाकतो आणि हा हिशेब बिघडत जातो. आईला ताकद कमी पडत नव्हती, उंची जास्त होती.

साधी, कायम बाहेर असलेली पायरी पिकअपला सर्रास लावतात. पण तिची एक अडचण आहे. बर्फात आणि खडबडीत रस्त्यावर गाडीखाली मोकळी जागा हवी, म्हणून ती फार खाली बसवता येत नाही. मग पाय अजूनही १६-१७ इंच उचलावा लागतो. मोटरवरची पायरी दार उघडलं की खाली आणि बाहेर येते, दार लावलं की पोटाखाली जाऊन बसते. आमच्या गाडीवर ती उघडल्यावर जमिनीपासून १२ इंचांवर येते. २२ ची ढांग १२ आणि १० अशी तुटली.

बसवायला दोन दिवस लागले. जॅकस्टँडवर चढवलेल्या गाडीखाली पडून मी ती यंत्रणा दहा-बारा वेळा उघडझाप करून पाहिली. प्रत्येक बाजूला दोन हात असतात. पुढच्याला मोटर, मागचा नुसता साथ देणारा. हा हात म्हणजे चार दांड्यांची जोडणी आहे, त्यामुळे फळी फिरत जाते तरी शेवटपर्यंत आडवीच राहते. हात पूर्ण उघडला की तो धातूच्या एका थांब्यावर टेकतो. इथे खरी हुशारी आहे: माणूस पायरीवर उभा राहिला की त्याचं वजन दांड्यांतून थांब्यावर, तिथून ब्रॅकेटवर आणि गाडीच्या सांगाड्यावर जातं. मोटरच्या वाट्याला ते जवळजवळ येतच नाही. शिवाय मोटरचा गिअर वर्म पद्धतीचा असतो. मळसूत्रासारखा दांडा चाकाचा एकेक दात पुढे सरकवतो. दांडा चाकाला फिरवतो, पण चाक दांड्याला उलटं फिरवू शकत नाही, कारण उतार इतका कमी आणि घर्षण इतकं जास्त असतं की तो जागीच अडकतो. वीज गेली तरी पायरी लोंबत नाही.

मग पायरीला दार उघडल्याचं कळतं कसं? पूर्वी दाराच्या स्विचची वायर शोधून, सोलून, तिला जोड द्यावा लागे. आता गाडीतली सगळी यंत्रं दोन पिळलेल्या तारांवर एकमेकांशी बोलतात. या पद्धतीला कॅन म्हणतात. बॉश या जर्मन कंपनीने ती १९८६ साली मोटार अभियंत्यांच्या परिषदेत जाहीर केली, आणि ती परिषद भरली होती आमच्या डेट्रॉइटमध्येच. "पुढचं डावं दार उघडलं" हा संदेश या तारांवर सगळ्यांसाठी फिरतो, ज्याला हवा तो ऐकतो. स्टीअरिंगखाली तपासणीसाठी जे सॉकेट असतं, जे अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना सक्तीचं आहे, तिथे पायरीचा कंट्रोलर जोडला की तो नुसता कान देऊन बसतो. एकही मूळ वायर कापावी लागली नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला आईच्या पायाची होती. पायरी बंद होताना मध्ये काही आलं तर? त्याचं उत्तर मोटरच्या स्वभावातच आहे. फिरणारी मोटर स्वतः थोडी वीज तयार करते आणि बॅटरीच्या दाबाला विरोध करते. समजा मोटरच्या तारांचा रोध अर्धा ओम आहे. फिरताना तिने ९ व्होल्टचा उलट दाब दिला, तर १२ पैकी उरले ३, आणि प्रवाह ६ अँपिअर. आता ती अडली. उलट दाब शून्य झाला, पूर्ण १२ व्होल्ट तारांवर आले आणि प्रवाह चौपट, २४ अँपिअर. कंट्रोलर हा प्रवाह सतत मोजत असतो. उडी दिसली की मोटर थांबवून उलटी फिरवतो. मी आधी गुंडाळलेला टॉवेल मध्ये धरला, मग पुठ्ठ्याचं खोकं. दोन्ही वेळा पायरी टेकली आणि मागे सरली. तरी आईला सांगून ठेवलं, की दार लावताना पाय फळीपासून लांब ठेव. यंत्रावर विश्वास ठेवावा, पण पाय मध्ये ठेवू नये.

मिशिगनमध्ये या यंत्रणेचा मोठा शत्रू मीठ आहे. डेट्रॉइट शहराखाली सुमारे १,२०० फुटांवर मिठाची खाण आहे, आणि हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पसरतात. मिठाचं पाणी शून्याखालीही गोठत नाही, पार उणे २१ अंशांपर्यंत तग धरू शकतं. पण तेच पाणी वीज उत्तम वाहून नेतं. माझ्या एफ-१५० पिकअपची केबिन ॲल्युमिनियमची आहे, फोर्डने २०१५ च्या मॉडेलपासून तशी केली. ॲल्युमिनियमला लोखंडी बोल्ट टेकला आणि मध्ये खारट पाणी शिरलं, की लहानशी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जातं. म्हणून किटमधले लेप दिलेले बोल्ट आणि वॉशर मी बदलले नाहीत, जोडांना ग्रीस भरलं आणि दर पंधरवड्याला फळीच्या सांध्यांवर पाण्याचा फवारा मारतो. एवढं केलं नाही तर दोन हिवाळ्यांत सांधे धरतात.

पायरी झाली, आता उजेड. पायरीखाली एलईडीची पट्टी लावली. पाय ठेवायची जागा आणि जमिनीवरचा बर्फ दिसावा, एवढंच तिचं काम. खरा प्रश्न हेडलाइटचा होता, आणि तिथे माझी चूक झाली. ती सविस्तर सांगायला हवी, कारण ही चूक पुण्यापासून डेट्रॉइटपर्यंत हजारो लोक करतात.

मिशिगनमध्ये दरवर्षी हरणांशी पन्नास हजारांहून जास्त टकरी होतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्यांचा जोराचा काळ. आईला घेऊन संध्याकाळी फिरायचं तर उजेड चांगला हवा, म्हणून हॅलोजन बल्ब काढून ऑनलाइन मिळणारे एलईडी बल्ब त्याच दिव्यात बसवले. गॅरेजची भिंत पांढरीशुभ्र उजळली. मला वाटलं, काम झालं. पहिल्याच रात्री समोरून येणाऱ्या तीन गाड्यांनी डिपर मारला. आणि मलाही लांबचं आधीपेक्षा कमी दिसत होतं. गाडीच्या पुढची दहा मीटर जागा झगझगीत, पलीकडे अंधार.

हेडलाइटचा आरसा एका ठरावीक आकाराच्या आणि ठरावीक जागी असलेल्या प्रकाशासाठी घडवलेला असतो. हॅलोजनची तार काही मिलिमीटर लांब, जेमतेम एक मिलिमीटर जाड, आणि चहूबाजूंनी प्रकाशणारी. आरशाचा प्रत्येक तुकडा त्या तारेचं बिंब रस्त्यावर कुठे टाकायचं हे ठरवून वळवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये चिप दोन बाजूंना असतात, मधली पट्टी जाड असते, वर-खाली प्रकाश कमी पडतो. तारेच्या जागेपासून प्रकाश मिलिमीटरभर जरी हलला, तरी शंभर फुटांवर त्याचं बिंब भलतीकडे जातं. लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, वाढले, पण ते पडले समोरच्याच्या डोळ्यांत आणि माझ्याच बॉनेटपुढे. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटात असे एलईडी बल्ब अमेरिकेच्या संघीय नियमांत बसतही नाहीत, आणि मला आता त्याचं कारण पटलं आहे.

दोष एलईडीचा नव्हे. निळा एलईडी शक्य करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते योग्यच होतं. त्या निळ्या चिपवर पिवळा प्रकाश देणारा लेप दिला की दोन्ही मिळून पांढरा दिसतो. पण उजेडाचा उगम आणि उजेडाचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने ११ पिकअपचे हेडलाइट तपासले. 'चांगला' शेरा एकट्या होंडा रिजलाइनला मिळाला. एफ-१५० चे कारखान्यातून आलेले एलईडी दिवेही तिच्या हॅलोजनसारखेच 'वाईट' ठरले.

समोरच्याला नेमकं काय होतं तेही समजून घ्यायला हवं. डोळ्यात शिरलेला प्रखर प्रकाश बुबुळात आणि भिंगात थोडा विखुरतो आणि पडद्यावर धुक्यासारखा पसरतो. दिवा नजरेच्या रेषेजवळ असेल तर हे धुकं झपाट्याने वाढतं. मधला कोन निम्मा झाला की ते साधारण चौपट. अरुंद दुपदरी रस्त्यावर समोरची गाडी अगदी नजरेच्या रेषेतच असते. वयाबरोबर भिंग गढूळ होतं, म्हणजे विखुरणंही वाढतं. आईच्या वयाचा माणूस समोरून गाडी चालवत असेल, तर माझा 'छान पांढरा' उजेड त्याला रस्ता दिसूच देत नाही.

त्यात पिकअप उंच. अमेरिकी महामार्गांची आखणी करताना चालकाचा डोळा साडेतीन फुटांवर आणि हेडलाइट दोन फुटांवर धरतात. माझा हेडलाइट आहे ४० इंचांवर, म्हणजे तीन फूट चार इंच. साध्या गाडीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यापेक्षा जेमतेम दोन इंच खाली.

म्हणून जुनी, बिनखर्चाची भिंतीची चाचणी केली. सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करायची, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर चिकटपट्टीने आखायची, आणि लो बीमच्या, म्हणजे जवळच्या उजेडाची वरची कड त्या रेषेच्या २ इंच खाली आहे का पाहायचं. २५ फुटांत २ इंच उतार, म्हणजे ४० इंचांवरून निघालेली कड ५०० फुटांवर जमिनीला टेकते. आता मागे मातीची पोती भरली आणि गाडीचा मागचा भाग २ इंच बसला असं धरा. चाकांमधलं अंतर १४५ इंच. गाडीचं नाक वर होतं आणि भिंतीवरची कड ४ इंचांनी चढते: रेषेच्या २ इंच खाली होती ती २ इंच वर. मग ती जमिनीला कधीच टेकत नाही, सरळ समोरच्या काचेत जाते. भारतातल्या बऱ्याच गाड्यांत दिवा खाली-वर करायचं बटण असतं, तेही आपण कधी वापरत नाही. अमेरिकेत ते सक्तीचंच नाही.

एलईडी बल्ब काढून टाकले. त्यांच्या जागी नवे हॅलोजन बसवून सहा वर्षांत पिवळट झालेली प्लास्टिकची काच घासली, कड जुळवली, आणि फरक पाहून मीच चकित झालो. पुढे महिन्याभराने एलईडीसाठीच घडवलेला, भिंग असलेला पूर्ण दिवा घेतला, तो या प्रवासाचा शेवटचा खर्च.

मागे सामान उतरवायला मी दोन जुने हॅलोजन दिवे लावले होते, ते मात्र मिणमिणत होते. दोष वायरचा निघाला. १६ गेजची बारीक वायर, जाऊन-येऊन ३० फूट, रोध ०.१२ ओम. १० अँपिअरला १.२ व्होल्ट वाटेतच गेले. दाब दहा टक्के घटला की हॅलोजनचा उजेड तीस टक्के घटतो, कारण तार थंड पडते आणि तिच्या प्रकाशाचा मोठा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्तात (इन्फ्रारेड) जातो. १० गेजची जाड वायर टाकली, घट ०.३ व्होल्टवर आली. दिवे तेच, उजेड नवा.

नोव्हेंबरात पहिला मोठा बर्फ पडला आणि नव्या हेडलाइटची एक गोष्ट कळली, जी विकणाऱ्याने सांगितली नव्हती. हॅलोजन बहुतेक वीज उष्णतेत घालवतो आणि त्यातली बरीच उष्णता पुढे काचेवर जाते, बर्फ वितळतो. एलईडीची उष्णता मागच्या पंख्यांतून निघून जाते, पुढची काच थंडच राहते. वीस मिनिटांच्या प्रवासात दोन्ही दिव्यांवर बर्फाची साय धरली आणि रस्ता दिसेनासा झाला. पेट्रोल पंपावर थांबून मी हाताने पुसली.

तेव्हापासून निघण्याआधी आई दाराशी येते, पायरी बाहेर येईपर्यंत थांबते, फळीवर बूट आपटून बर्फ झाडते. चढण्याआधी मात्र पुढे जाते, हातमोज्याने दोन्ही काचा पुसते आणि परत येऊन विचारते, "मागचे पुसलेस का रे?"