बारोलोची माती वाइनमध्ये कशी उतरते?

बारोलोचा पेला समोर आला की रंगावरून हमखास अंदाज चुकतो. फिकट, विटकरीकडे झुकलेला लाल रंग पाहून वाटतं, हलकीफुलकी असणार. पहिल्या घोटाला मात्र कच्ची सुपारी चावल्यासारखे हिरड्या नि गाल आवळून येतात. वास गुलाबाचा, आणि त्याच्यामागून चक्क डांबराचा.

ही वाइन इटलीच्या वायव्येला, पिएमोंतेमधल्या लांगे टेकड्यांवर होते. आल्बा शहराच्या नैर्ऋत्येला असलेल्या ११ गावांची शिवारं आणि नेब्बिओलो ही एकच द्राक्षजात, यापलीकडे कायदा काही चालू देत नाही. निदान ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ लाकडी पिंपात.

नेब्बिओलो जात तशी त्रासदायकच. डोळे फुटतात सगळ्यांच्या आधी, म्हणून वसंतातल्या हिमाचा धोका. पिकते सगळ्यांच्या शेवटी, म्हणून शरदातल्या पावसाचा धोका. तुरटपणा आणणारी टॅनिन द्रव्यं तिच्या सालीत आणि बियांत भरपूर असतात; रंग मात्र टिकत नाही. बहुतेक लाल वाइनच्या द्राक्षांत माल्व्हिडिन हे तुलनेने टिकाऊ रंगद्रव्य जास्त असतं. नेब्बिओलोत सायनिडिन आणि पिओनिडिन यांचा वाटा मोठा, आणि ही द्रव्यं ऑक्सिजनपुढे लवकर हार मानतात. म्हणून रंग फिका आणि चव करारी, अशी ही जोडी जमते.

आता मातीकडे. या टेकड्या म्हणजे वर उचलला गेलेला समुद्राचा तळ. पश्चिमेला ला मोर्रा आणि बारोलो गावांकडे निळसर करडी, चुनखडीयुक्त चिकणमाती आहे. तिला मार्ल म्हणतात. ती टॉर्टोनियन काळातली, म्हणजे साधारण १ कोटी १६ लाख ते ७२ लाख वर्षांपूर्वीची. पूर्वेच्या सेर्रालुंगाकडे थर त्याहून जुने आणि कठीण आहेत, मार्ल आणि वालुकाश्म एकाआड एक रचलेले. ला मोर्राची वाइन सुगंधी, लवकर पिण्याजोगी. सेर्रालुंगाची कडक, वर्षानुवर्षं ठेवावी अशी, असं जाणकार सांगतात. ढोबळमानाने ते खरं आहे. पण वाइन करणाऱ्याचा हातही इतका फरक पाडतो की केवळ घोट घेऊन गाव ओळखल्याचे दावे मी जरा जपूनच घेतो.

मग माती चवीला लागते का? वाइनच्या जाहिराती तर ‘खनिजांची चव’ बिनदिक्कत विकतात. वेलीची मुळं पोटॅशियम, कॅल्शियम वगैरे पाण्यात विरघळलेल्या आयनांच्या रूपात घेतात. चुनखडीला स्वतःचा वास नाही, आणि वाइनमध्ये उतरणारी खनिजं इतकी कमी असतात की त्यांची थेट चव जवळजवळ लागत नाही. शिवाय मुळं तरी इटलीची कुठे आहेत? एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून कलमं अमेरिकी खुंटावर बांधली जातात. (आपल्याकडच्या बागायतदारांचा डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकेचाच, तो आला मात्र पाण्याची टंचाई आणि क्षार यांच्यामुळे.)

मातीचं खरं काम आहे पाण्याचं वाटप. मार्ल हिवाळ्यातला पाऊस आणि बर्फाचं पाणी धरून ठेवते आणि उन्हाळाभर थोडं थोडं सोडते. वालुकाश्माचे थर तुलनेने लवकर कोरडे पडतात. उन्हाळ्याच्या मध्यावर पाण्याची थोडी ओढ बसली की वेलीचा शेंडा थांबतो आणि मणी लहान राहतो. १२ मिलिमीटर व्यासाचा मणी १० मिलिमीटरचाच राहिला असं धरा. त्याचं आकारमान सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतं, पण सालीचं क्षेत्रफळ कमी होतं फक्त ३१ टक्क्यांनी. म्हणजे रसाच्या मानाने साल वाढली, आणि टॅनिन, रंग, वासाची द्रव्यं मोठ्या प्रमाणात सालीत असतात. दोन मिलिमीटरांत वाइनचा पोत बदलतो तो असा. ओढ जास्त झाली तर मात्र पानं गळतात आणि पिकणंच अडतं.

हवामानाचा वाटा मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागल्यावर कळतो. उष्णतेत मणी आपलं मॅलिक आम्ल श्वसनात जाळून टाकतो. थंड रात्री ते वाचवतात आणि रंग धरायलाही मदत करतात. नेब्बिओलो पिकते ती उतरत्या तापमानात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. नाशिकला याच्या उलट: ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, आणि मणी पिकतात ते फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात. त्यामुळे आम्ल राखणं ही तिथल्या वाइनवाल्यांची कायमची काळजी.

बारोलोत उलट चिंता होती: द्राक्षं पिकतील का? म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेले उतार नेब्बिओलोला, आणि सावलीतले दुसऱ्या द्राक्षांना किंवा हेझलनटला. १७० ते ५४० मीटर उंचीचीच जमीन चालते आणि थेट उत्तरेकडचा उतार चालत नाही, हे आजही नियमात आहे.

पण पूर्वी ऑक्टोबर संपेपर्यंत लांबणारी तोडणी आता बऱ्याचदा सप्टेंबरच्या अखेरीसच सुरू होते. साखर लवकर चढते, त्यामुळे अल्कोहोल सहज साडेचौदा टक्क्यांवर जातं, आणि सालीतलं टॅनिन मात्र पिकण्यात मागे राहतं. २०२२ मध्ये पो नदीच्या खोऱ्याने सात दशकांतला सर्वांत मोठा दुष्काळ पाहिला. अशा वर्षी दक्षिणेचा उघडा उतार वेलीला जाचतो, आणि कालपर्यंत टाकाऊ ठरलेल्या सावलीच्या जमिनीत नेब्बिओलो लावू द्यावी का, यावर बारोलोत वाद झडतात.