दोन डॉक्टर, दोन सल्ले: कार्पल टनेलविषयी आमच्या ग्राहकांसाठी

मनगटाचा स्प्लिंट, म्हणजे मनगट वाकू नये म्हणून बांधायचा आधार, करून घ्यायला दादरला आमच्याकडे येणाऱ्या अनेकांच्या पिशवीत दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या असतात. एकीवर लिहिलेलं असतं, ‘आधी स्प्लिंट, मग बघू’. दुसरीवर थेट ऑपरेशनची तारीख. मग आम्हालाच विचारतात, “यातलं खरं कुणाचं?” त्याचा निवाडा करणं आमचं काम नाही. पण सल्ले वेगळे का पडतात हे कळलं, तर जिवाची घालमेल थांबते.

मनगटाच्या तळहाताकडच्या अंगाला हाडं आणि एक चिवट पट्टा यांच्यामधून अरुंद बोळ जातो, तोच कार्पल टनेल. त्यातून बोटं मिटणाऱ्या 9 कंडरा आणि मीडियन नस जाते. आत दाब वाढला की नस चेपते. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात. करंगळी सहसा सुटते, कारण तिची नस या बोळातून जात नाही. रात्री जाग येते, हात झटकावा लागतो. लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहिलं की बोटं बधिर होतात. मधुमेह, थायरॉईड, संधिवात असलेल्यांना हा त्रास जास्त. गरोदरपणातला बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो, म्हणून तिथे सर्जन सहसा थांबतात.

मतभेद तपासणीपासूनच सुरू होतात. लक्षणं स्पष्ट असली तर काही सर्जन एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी, करायला सांगत नाहीत. काही जण तिच्याशिवाय चाकू हातात घेत नाहीत. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचंही तसंच. त्याने काही आठवडे, कधी काही महिने आराम पडतो, पण त्रास परत येण्याची शक्यता बरीच असते. म्हणून कुणी आधी ते देऊन पाहतो, कुणाला तो वेळ दवडणं वाटतं. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढू शकते, हे आधीच विचारून घ्या.

सगळ्यात जास्त गोंधळ ऑपरेशनवरून होतो. उघड्या पद्धतीत तळहातावर छोटा छेद घेऊन तो पट्टा डोळ्यांसमोर कापतात. दुर्बिणीच्या पद्धतीत बारीक छेदातून कॅमेरा घालून तोच पट्टा आतून कापतात. दुर्बिणीने केलेल्यांना कामावर थोडं लवकर परतता येतं, जखमेची जागाही कमी हुळहुळते. पण नसेला तात्पुरता त्रास होण्याचं प्रमाण तिथे थोडं जास्त असतं, आणि खर्चही सहसा वाढतो. वर्षभराने पाहिलं तर दोघांचे हात जवळपास सारखेच. म्हणून आमचं प्रामाणिक मत असं, की पद्धतीपेक्षा सर्जनचा हात कशावर बसलाय ते विचारा. भुलेतही फरक असतो: कुणी फक्त तळहात बधिर करून, दंडाला पट्टा न आवळता ऑपरेशन करतो, तर कुणी अख्खा हात बधिर करतो. नंतर स्प्लिंट द्यायचा की नाही, यावरही एकमत नाही. साध्या ऑपरेशननंतर सगळ्यांनाच तो दिल्याने फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. सर्जननी नको म्हटलं असेल, तर आमच्याकडून उगाच विकत घेऊ नका.

एका बाबतीत मात्र सर्जन सहसा वेगळं बोलत नाहीत. बधिरपणा दिवसरात्र राहू लागला, शर्टाचं बटण लागेना, अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होऊ लागला, तर तिसरं मत घेत महिने घालवू नका. वाळलेला स्नायू ऑपरेशननंतरही पूर्ण भरेलच असं नाही.

आता स्प्लिंटविषयी. दुकानातल्या तयार स्प्लिंटमधली धातूची पट्टी बऱ्याचदा मनगट मागे वाकवणारी असते. नसेवरचा दाब सर्वांत कमी असतो तो मनगट सरळ रेषेजवळ असताना. अशी पट्टी तुमच्याकडे असेल तर घेऊन या, सरळ करून देऊ. नवा करायचा असेल तर प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून तुमच्याच हातावर बसवतो. बोटांची मुळं मोकळी ठेवतो, म्हणजे मूठ वळते. वापर मुख्यतः रात्री. पावसाळ्यात घामाने कातडी चिघळते, म्हणून आत सुती मोजा घाला.

मापाला येताना बांगड्या, अंगठ्या काढून या आणि दोन्ही चिठ्ठ्या आणा. स्प्लिंट काढल्यावर उठलेला लाल वळ 20 मिनिटांत गेला नाही, तर तो तसाच वापरत राहू नका. परत आणा, कड गरम करून वळवून देतो.